बोटभर बाहेर

घमापूर, जबलपूर
१० नोव्हेंबर २०२५

अंजनी,

तुझा फोन बंद येतो, म्हणून येल्लापूरला तुझ्या बाबांच्या पत्त्यावर लिहिते. तू तिथेच गेली असशील असा माझा अंदाज. बाबांना देवनागरी वाचता येत नाही. दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊ नका, एवढं त्यांना सांग.

इंदूरच्या मॅचचा व्हिडिओ पाहिला. शेजारच्या बेबीची सून प्रणोती घेऊन आली. आधी म्हणाली, काकू, बसा. मला वाटलं तुला कुठे लागलं-बिगलं. मग पाहिलं तर तू धडधाकट उभी आहेस, आणि ही पोरगी मला पाणी विचारते आहे.

मला सगळं समजलं नाही, म्हणून तिला तीनतीनदा लावायला सांगितलं. पात्रता फेरी होती, त्यामुळे रेषेवर माणसं नव्हती, आपापल्या बाजूचा चेंडू आपणच सांगायचा. शेवटचा पॉइंट. त्या मुलीचा चेंडू तुझ्या मागच्या रेघेशी पडला आणि तू बोट वर केलंस. आउट. मॅच तुझी. ती मुलगी डोक्याला हात लावून जाळीपाशी आली. ज्याच्या हातात फोन होता तो तिचा बाप असावा, त्याचा आवाज आहे, "चोट्टी है, चोट्टी." शेजारच्या कोर्टावरून अंपायर चालत आला, दोघींना काहीतरी विचारलं आणि खांदे उडवून परत गेला. तू हात पुढे केला होतास. तिने घेतला नाही.

खाली लोकांनी लिहिलेलं प्रणोती वाचून दाखवेना. मग फोन मीच हातात घेतला, चष्मा लावला आणि वाचत गेले. शाळा आठवीत सुटली असली तरी वाचायला मला कोणी लागत नाही. काळी हा त्यातला सगळ्यात साधा शब्द होता. एकाने लिहिलं होतं, हिला देशाकडून खेळू कोणी दिलं. तू टेनिसची राष्ट्रीय विजेती झालीस तेव्हा 'पहली सिद्दी बेटी' म्हणून तुझा फोटो फिरवणारे हेच लोक असतील. मला त्यांची नावं ओळखीची वाटून राहिली होती.

काकांच्या तेराव्याला तू पानावरून उठून गेलीस, त्यानंतर आपलं बोलणं नाही. का उठलीस ते मी तेव्हा विचारलं नाही. आताही विचारत नाही. चेंडूचंही विचारत नाही. तू आउट म्हणालीस म्हणजे आउट.

जेवून घेत जा.

काकू


१९ नोव्हेंबर

अंजनी,

या पत्रासोबत कात्रण पाठवते आहे. तुझ्या बाजूने कोणीतरी बोललं, आणि ती मी आहे, म्हणून पाठवते.

परवा भय्यासाहेब आले होते. क्लबाचे सेक्रेटरी अजून तेच आहेत, निवृत्त झाले तरी खुर्ची सोडलेली नाही. सोबत इथल्या हिंदी पेपरचा एक पत्रकार. मुलगा बोलायला नम्र होता. त्याने आधी विचारलं, ये लड़की अफ्रीका की है क्या. मी म्हटलं, बाबा रे, सिद्दी आहे, कर्नाटकातल्या जंगलातली, येल्लापूरची, पिढ्यान्पिढ्या. तिचे वडील रिछाईच्या कारखान्यात रखवालदार होते, रात्रपाळी असायची, आई नव्हती, म्हणून पोर आमच्याकडे राहायची. त्यांची कोकणी आणि आमची मराठी, निम्मं निम्मं कळायचं, तेवढ्यावर घरोबा झाला. मग विचारलं, आपके पति कोच थे? मी म्हटलं, कोच नाही, मार्कर. खमरियाच्या साहेब लोकांच्या क्लबात कोर्टाला पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या आणि साहेबांना खेळायला जोडीदार नसला की समोर उभं राहायचं. तो लिहून घेत होता. मला बरं वाटलं. हे गेल्यापासून त्यांच्याबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.

मग मी त्याला बोटाचं सांगितलं.

मुरमाच्या कोर्टावर चेंडूचा ठसा उमटतो. काका तुला त्या ठशाशी उकिडवं बसवायचे. ठसा आणि चुन्याची रेघ यांच्यामध्ये स्वतःचं बोट आडवं ठेवायचे. बोट मावलं म्हणजे चेंडू बाहेर, तरीही तू म्हणायचं आत. बोटभर बाहेर असला तरी समोरच्याचा. बोटाहून जास्त असेल तरच बोलायचं, तेही हळू. हे फक्त तुला. बाकीच्या पोरी जे म्हणतील ते.

पत्रकाराला हे फार आवडलं. म्हणाला, अम्मा, ये तो बहुत बड़ी बात है. मी म्हटलं, म्हणून सांगते, या मुलीने आजवर जवळचा चेंडू कधी घेतलेला नाही. ती आउट म्हणाली असेल तर तो चांगला वीतभर बाहेर असणार.

त्याने तेच मथळ्यात घातलं आहे. फोटो जुना आहे, काकांच्या बाजूला दात पडलेली तू उभी आहेस तो. बेबीने गल्लीत सगळ्यांना दाखवला.

आता लोकांना कळेल.

काकू


२ डिसेंबर

अंजनी,

मागचं पत्र मिळालं असलं तर फाडून टाक. मिळालं नसलं तर येईल ते उघडू नकोस.

पेपरातलं माझं वाक्य कोणीतरी उचललं. त्या मुलीच्या बापाने व्हिडिओ थांबवून एक चित्र काढलं आहे, त्यात चेंडू आणि रेघ अगदी शेजारी शेजारी दिसतात. सिमेंटचं कोर्ट, ठसा नाही, चित्र धुरकट, पण जवळ आहेत हे कोणालाही दिसतं. त्या चित्रावर त्याने माझं बोलणं छापलं. घर की औरत खुद कह रही है, बालिश्त भर बाहर हो तभी आउट देती है. यहाँ बालिश्त कहाँ है?

प्रणोतीने आणून दाखवलं तेव्हा मी कणीक मळत होते. मला पहिल्यांदा कळलंच नाही, मी म्हटलं, बरोबरच तर लिहिलंय, मीच म्हणाले होते. तिने मान खाली घातली. मग कळलं.

माझा शब्द नसता तर जवळचा चेंडू होता, एवढंच झालं असतं. जवळचे चेंडू सगळेच आपल्याकडे ओढतात, त्यात विशेष नाही. मी तुला इतकी चांगली करून ठेवली की आता तुला साधं खरं असायलाही जागा उरली नाही.

मी रिक्षा करून त्या पेपरच्या ऑफिसात गेले. म्हटलं, वीतभर हा माझ्या बोलण्याचा प्रकार झाला, मी काही कोर्टावर नव्हते, तेवढं वाक्य काढा. त्या मुलाने मला खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, "अम्मा, छप गया. अब निकालेंगे तो लोग कहेंगे आप पलट गईं." मी चहा प्यायले आणि परत आले. दुसरं काय करणार होते.

बेबी म्हणते, "काहून गेली तू तिथे? काहून बोलली? पेपरवाल्यांशी कोणी खरं बोलत असतं का?" मी म्हटलं, मला दुसरं येत नाही. तर म्हणाली, "मग गप तर बसता येते ना."

तुझ्यावर चौकशी बसल्याचं भय्यासाहेबांकडून कळलं. संघटनेच्या समितीपुढे माझं कात्रण ठेवलं गेलं आहे. तुझा बचाव म्हणून नाही.

काकू


१५ डिसेंबर

अंजनी,

भय्यासाहेबांच्या घरी गेले होते. त्यांना म्हटलं, मला इंदूरला समितीपुढे घेऊन चला, मी माझ्या तोंडाने सांगते. ते उठून आत गेले, संत्री घेऊन आले, सोलून माझ्यासमोर ठेवली. माणूस वाईट नाही, हे तुलाही माहीत आहे. काकांच्या आजारपणात ते दर रविवारी येऊन बसायचे.

म्हणाले, "वहिनी, तिथे तुमचं कोणी ऐकायचं नाही. आणि ऐकलं तर आणखी वाईट. त्यापेक्षा तिला म्हणावं, दोन ओळी लिहून दे. खेळाच्या भरात चूक झाली. संपलं. विष्णुपंतांच्या हाताखालची पोर आहे, नमतं घ्यायला तिला काय जड?"

मी म्हटलं, चूक झाली नसेल तर?

"तुम्ही होतात तिथे?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. मी नव्हते. मी फोड तोंडात टाकली.

घरी येताना मला तेराव्याचा दिवस आठवला. पंगत बसली होती, भय्यासाहेब पानावर बसल्या बसल्या बोलले होते. विष्णुपंतांनी सिद्द्यांच्या पोरीला टेनिस शिकवलं ते आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे नमतं घ्यायला शिकवलं. इतकी वर्षं खेळली, कधी तंटा नाही, कधी आवाज नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. तू तेव्हाच उठलीस. वरण-भात तसाच होता पानावर. मी इतके दिवस समजत होते की तुला काकांची आठवण सहन झाली नाही.

बोटाची गोष्ट मी पत्रकाराला अर्धी सांगितली. उरलेली तुला ठाऊक असेलच, पण आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. तू लहान होतीस, क्लबाची वार्षिक स्पर्धा होती, समोर मोठ्या साहेबांची अवंतिका. तू एक चेंडू आउट दिलास. मुरमावर ठसा स्पष्ट होता. अवंतिकाची आई खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "अब मार्कर के घर की कल्लो हमको बताएगी?" त्यानंतर काकांना ऑफिसात बोलावलं. मी बाहेर झाडाखाली तुझा हात धरून उभी होते. ते बाहेर आले, तुझ्याकडे पाहिलं नाही, सरळ रोलर ओढायला गेले. दुसऱ्या सकाळपासून बोट सुरू झालं.

आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. नोकरी राहिली एवढं मला कळलं.

हे त्यांनी तुझ्यासाठी केलं की नोकरीसाठी, असं तुझ्या मनात असेल. मी त्यांच्यासोबत एवढा संसार केला, मला सांगता येत नाही. ते म्हणायचे, तिच्यावर कोणी बोट दाखवलं तर तिच्या बाजूने कोण उभं राहणार, त्यापेक्षा चेंडू गेलेला बरा. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं होतं. तू राज्य जिंकलंस, देश जिंकलास, परदेशात खेळून आलीस, तेव्हा तर वाटलं, यांनी बरोबरच केलं. एवढे चेंडू देऊनही पोरगी जिंकते. न देता किती जिंकली असती, हा हिशेब आमच्या डोक्यात आला नाही.

बाबांच्या दम्याचं कसं आहे? उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण त्यांचं कळव.

काकू


५ जानेवारी २०२६

अंजनी,

काल तुझा आवाज ऐकला. टेकडीवर चढून फोन करत होतीस, वारा इतका होता की निम्मं ऐकू आलं नाही. मध्येच लाइन गेली, म्हणून उरलेलं लिहिते.

तू म्हणालीस, "काकू, बोटभर बाहेर होता. मी पाहिला ना. पुरा बोटभर." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणालीस, "काकांनी देऊन टाकला असता. मला माहीत होतं. हात वर जाऊन राहिला होता अन् मला वाटत होतं, ही कोणी दुसरीच करून राहिली."

मी विचारलं, मी पेपरात बोलले नसते तर तुझं इतकं झालं नसतं ना? तू हसलीस. म्हणालीस, "तुम्ही नसत्या बोलल्या तर त्यांनी दुसरं काही शोधलं असतं." हे तू माझी समजूत काढायला म्हणालीस की खरंच, मला ठरवता येत नाही. रात्रभर तेच करत होते.

मग समितीचं सांगितलंस. सहा महिने खेळायचं नाही. चूक कबूल करून माफी लिहून दिली तर तीन. तीन महिन्यांनी उन्हाळ्याच्या स्पर्धा मिळतात, नाव यादीत टिकतं. सहा झाले तर खालून सुरुवात, बत्तिसाव्या वर्षी, त्या दुखऱ्या खांद्यावर. आणि तू मला विचारलंस, "काकू, लिहू का माफी? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते करते."

लाइन गेली असं मी वर लिहिलं. लाइन गेली नव्हती. मला तुझा श्वास ऐकू येत होता, वाराही ऐकू येत होता. तू हॅलो हॅलो करत राहिलीस. मी फोन कानाला धरून उभी होते. मग तू ठेवलास.

लिही म्हटलं तर जन्मभर तू स्वतःच्या सहीने चोर. नको म्हटलं तर तुझा खेळ मी संपवला. पहिलं काकांनी सांगितलं असतं, एका क्षणात, आणि तू ऐकलं असतंस, आणि कदाचित खेळत राहिली असतीस. दुसरं सांगायला जो माणूस लागतो तो मी नाही. मी एकदा तुझ्यासाठी बोलले, त्याचं काय झालं ते पाहिलं.

या पत्रातही उत्तर नाही. शोधू नकोस.

काकू


९ फेब्रुवारी

अंजनी,

तू माफी लिहिली नाहीस हे मला भय्यासाहेबांकडून कळलं. त्यांना खरंच वाईट वाटलं आहे. म्हणाले, वहिनी, पोरीने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. सहा महिने कायम. तू नोकरी करतेस त्या रेल्वेनेही तुला त्यांच्या संघातून काढलं असं ऐकलं. खरं का ते मी विचारत नाही, तू सांगशील तेव्हा सांग.

मला आनंद झाला की दुःख, ते सांगते. आधी आनंद झाला. मग देवापाशी दिवा लावताना एकदम असं वाटलं की आता टेनिस खेळताना तुला मी बहुतेक पाहणार नाही, आणि मी काडी हातात धरून तशीच बसले. चटका बसला तेव्हा भानावर आले.

काल क्लबाची वार्षिक स्पर्धा झाली. काकांच्या नावाने त्यांनी एक कप सुरू केला आहे, खिलाडूवृत्तीचा, जिंकणाऱ्याला नाही, चांगलं वागणाऱ्याला. द्यायला मला बोलावलं. गाडी पाठवली होती. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही, कारण काकांचं नाव होतं.

मुरूम काढून त्यांनी निळं सिमेंट घातलं आहे. आता चुना लागत नाही. कप मिळाला दीप्ती नावाच्या मुलीला. क्लबाच्या माळ्याची मुलगी, दहाअकराची असेल, केसांना तेल चोपडून आलेली. सेमीफायनलला जवळचा चेंडू तिने स्वतःहून समोरच्या मुलीला दिला आणि त्या पॉइंटवर हरली. भय्यासाहेबांनी हे माइकवर सांगितलं. विष्णुपंतांची परंपरा, म्हणाले. टाळ्या झाल्या. मी कप तिच्या हातात दिला, तो तिच्या छातीपर्यंत येत होता. फोटो काढला. त्या फोटोत मी हसते आहे, प्रणोतीने पाठवला तर पाहशील.

नंतर सगळे समोशांकडे गेले. मी कोर्टाच्या कडेला बाकावर बसले होते, गाडीची वाट पाहत. ती मुलगी कप घेऊन माझ्याजवळ आली आणि बसली. मी हिंदीत विचारलं, चेंडू कुठे पडला होता? तिने उठून जागा दाखवली. रेघेपासून चांगला बाहेर. बोटभर नाही, त्याहून जास्त.

मी म्हटलं, मग दिलास काहून?

तिला मराठी कळत नव्हती. पुन्हा हिंदीत विचारलं. तिने खांदे उडवले. म्हणाली, पापा ने कहा था, बड़े लोगों के बच्चे हैं, झगड़ा मत करना. मग तिनेच विचारलं, "आंटी, बाहर थी ना? अगली बार बोलूँ क्या?"

ती माझ्याकडे पाहत होती. समोर तिचा बाप कुंड्या उचलून ठेवत होता, मध्येच आमच्याकडे बघत होता. भय्यासाहेब खाण्याची बशी घेऊन माझ्याकडेच येत होते. मला तुझी टेकडी आठवली, तो वारा.

मी म्हटलं, "घर जाओ बेटा. अँधेरा हो रहा है."

काकू